उघडं पडलेलं कुरण कमी खर्चात सुधारायचंय, सुरुवात कशापासून करू?

उनाड_वासरू (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सहा एकर चराऊ रान आहे, उताराचं. वरचा भाग मुरमाड, खालचा जरा भारी. सात गाई, सगळ्या चारशे किलोच्या आसपास, शिवाय दोन कालवडी आणि दूध पिणारी वासरं. वरच्या अंगाला जमिनीला टक्कल पडलंय, मधे हरळी आणि कुसळी गवत, खाली मोठ्या झाडाभोवती टाकळ्याचं तण माजलंय, त्याला गुरं तोंड लावत नाहीत. जोराचा पाऊस आला की गढूळ पाणी सरळ खाली वाहून जातं.

जितकी माणसं तितके सल्ले मिळालेत. एक म्हणतो सगळं नांगरून नवीन गवत लावा, दुसरा म्हणतो ट्रॉल्याच्या ट्रॉल्या खत ओता, तिसऱ्याने कसलीशी बाटली दाखवली. माझ्याकडे पैसे मोजके आहेत, यातली एकच गोष्ट घेता येईल आणि तीही लहानशी. अंगमेहनतीला ना नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, पहिला पैसा कशावर घालू?

झटपट
एवढा काथ्याकूट कशाला? पाऊस लागला की युरिया फेका. आठवड्यात रान काळंभोर होतं. याहून स्वस्त काही नाही.

खडूस_गुराखी
युरियाचं नंतर बघू. वासरूबुवा, आधी एवढंच सांगा, भर दुपारी तुमची गुरं कुठे उभी असतात आणि पाणी कुठे पितात?

उनाड_वासरू
काका, खालच्या टोकाला ते मोठं झाड आहे ना, त्याखाली. पाण्याची टाकीही तिथेच शेजारी. सावली आणि पाणी एका जागी म्हणून सोयीचं पडतं.

खडूस_गुराखी
वाटलंच मला. सोयीचं तुम्हाला आणि गाईंना, रानाला नव्हे.

गाय जे खाते त्यातलं बहुतेक नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) ती परत देते. ऐंशी टक्के धरा, बरेचदा त्याहूनही जास्त. दुधातून आणि वासराच्या वाढीतून जातं ते थोडकं. त्यामुळे ती किती देते यापेक्षा कुठे देते ते बघा. दिवसातून दहा-बारा वेळा शेण पडतं, आठ-दहा वेळा मूत. पालाश जवळजवळ सगळा मुतातून जातो, नत्र निम्म्याहून जास्त मुतातून, स्फुरद मात्र शेणातून. तुमच्या गाई वर चरतात आणि खाली येऊन झाडाखाली रवंथ करत बसतात. म्हणजे वरच्या माळाचं खत रोज थोडं थोडं उचलून झाडाखाली आणून टाकायचं काम त्या बिनपगारी करतायत. वर टक्कल का पडलं आणि खाली टाकळा का माजला, दोन्हीचं उत्तर एकच आहे.

तेव्हा माझ्या मते पहिला पैसा पाइपवर. टाकीपासून वरपर्यंत साधा काळा पाइप ओढा आणि हलवता येईल असं एक टोपलं किंवा अर्धा कापलेला पिंप वर ठेवा. चाटण्याचं मीठही पाण्यापाशी ठेवू नका, सगळ्यात उघड्या जागी नेऊन ठेवा आणि दर काही दिवसांनी जागा बदला. जिथे गाय उभी राहील तिथे ती खत टाकेल.

वैरणकाकू
काकांना अनुमोदन. मिठाची जागा बदलणं फुकटातलं आहे आणि चालतं. फक्त मीठ वर आणि पाणी पार खाली असं करू नका. गाय मीठ चाटते आणि धावत पाण्याला जाते, जाताना उतारावर पायवाट पडते आणि पुढच्या पावसात त्या वाटेची घळ होते.

मातीचा_वास
पाइप जरूर घ्या, पण त्याआधी मातीची तपासणी. आयुष्यभर मी हेच काम केलंय, त्यामुळे पक्षपाती आहे असं समजून वाचा. :)

नमुना कसा घेता यावर सगळं अवलंबून असतं. तुमच्या रानाचे किमान तीन नमुने करा: वरचा मुरमाड भाग, मधला, आणि झाडाभोवतीचा. तिन्ही एकत्र केलेत तर जी सरासरी येईल ती तुमच्या रानात कुठेच नसेल. प्रत्येक भागात वेडीवाकडी चाल करत दहा-पंधरा ठिकाणी पंधरा सेंटिमीटरपर्यंत व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची एकसारख्या जाडीची माती तासायची. शेणाची जागा, पायवाट, बांध, जुना उकिरडा टाळायचा. सगळी माती घमेल्यात कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, असं करत अर्धा किलो ठेवायची. सावलीत वाळवायची. नुकतंच खत टाकलं असेल तर थांबा.

अहवालात पहिल्यांदा सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क) बघा. सामू ५.५ च्या खाली असेल तर मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना बाधतं, स्फुरद अडकून बसतो आणि द्विदलांच्या (शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या) मुळांवर नत्राच्या गाठी नीट धरत नाहीत. अशा मातीत चुना टाकल्याशिवाय बाकी कशावरही खर्च करू नका. उलट सामू ८.५ च्या वर असेल आणि सोडियम जास्त असेल तर चुना नको, जिप्सम लागेल, आणि त्याबरोबर पाण्याचा निचरा. सामू या दोन्हींच्या मधे असला तर चुना, जिप्सम, डोलोमाइट यातलं काहीच घ्यायचं नाही. तपासणीने बहुतेकांचे पैसे वाचतात ते इथे.

सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातून मातीत आलेला कार्बन) ०.५ टक्क्याखाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे चांगला.

एक घरगुती चाचणी आजच करा. दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा घ्या, पाच-सहा सेंटिमीटर जमिनीत ठोका, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते बघा. एकदा कुरणाच्या मधे आणि एकदा कुंपणाच्या अगदी कडेला, जिथे गुरांचं तोंड आणि खूर पोचत नाहीत तिथे.

उनाड_वासरू
ताई, डब्याची चाचणी केली. कुंपणाच्या कडेला पाणी ओतलं आणि बघता बघता गायब. मधे तेच पाणी कितीतरी वेळ तसंच, वर बुडबुडासुद्धा नाही. शेवटी मीच कंटाळून उठलो. जमीन एकच, मधे तीन पावलांचं अंतर!

डबा उपटल्यावर कडेच्या मातीचं ढेकूळ भसाभस फुटलं, आत पांढरी मुळं आणि एक गांडूळ. मधलं ढेकूळ आडव्या पापुद्र्यांनी सुटलं, आणि मुळं वरच्या दोन बोटांतच, तीही आडवी पसरलेली.

मातीचा_वास
या आडव्या मुळांचा फोटो असेल तर जपून ठेवा. खुरांनी दाबलेली जमीन अशीच दिसते. दाब बहुतेक वरच्या पाच-दहा सेंटिमीटरमधेच असतो, म्हणून नांगर घालायची गरज नाही. मुळं आणि गांडुळं ते फोडतात, त्यांना उसंत मिळाली तर. मुख्य पथ्य एकच: जमीन ओली गच्च असताना गुरं आत सोडायची नाहीत. वाफसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती नुसती ओलसर राहू द्या. पावसाच्या झडीत एखादा लहान तुकडा बळी द्यायचा म्हणून ठरवून ठेवा, गुरं तिथेच ठेवा, वैरण तिथेच टाका. बाकीचं रान वाचतं.

खडूस_गुराखी
आता उसंतीवर येतो.

अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रँकलिन क्रायडर यांनी गवत कापून मुळांचं काय होतं ते मोजलं होतं. १९५५ साली ते छापून आलं. निम्मं पान कापलं तर मुळांची वाढ जवळपास चालूच राहिली. ७० टक्के कापलं तर पाऊण भागाहून जास्त मुळं थांबली. ८० टक्के कापलं तर सगळीच्या सगळी मुळं बारा दिवस ठप्प. म्हणजे गाईने गवत बुडख्यापर्यंत खाल्लं की जमिनीखालचं काम बंद. त्यात चार दिवसांनी कोवळा फुटवा आला की ती पुन्हा तोच खाते, कारण तो गोड लागतो. शेजारचं जून झालेलं गवत तसंच राहतं. वर्षभर गुरं मोकळी असली की चांगलं गवत खाऊन खाऊन मरतं आणि नावडतं उरतं. तुमची कुसळी आली कुठून, तर अशीच.

उपाय जुनाच आहे. रानाचे तुकडे करा, एका तुकड्यात गुरं तीन-चार दिवस, मग पुढे. फुटवा यायच्या आत बाहेर काढायचं, आणि गवत पुरतं सावरल्याशिवाय परत आत सोडायचं नाही. पाऊस चालू, वाढ जोरात, तेव्हा चार आठवड्यांची विश्रांती पुरते. वाढ मंदावली की दोन-तीन महिनेही लागतात. कॅलेंडर बघून गुरं हलवू नका, गवत बघून हलवा. आठ तुकडे केलेत आणि प्रत्येकी चार दिवस दिलेत तर प्रत्येकाला अठ्ठावीस दिवस मोकळे मिळतात. तुमच्या रानात एक तुकडा पाऊण एकराचा होईल.

मागे किती सोडायचं? टाचेपासून घोट्याच्या वरपर्यंत, आठ-दहा सेंटिमीटर. उंच वाढणाऱ्या गवताला त्याहून जास्त.

झटपट
काका, पण निम्मं गवत मागे सोडायचं म्हणजे निम्मा चारा वाया ना?

खडूस_गुराखी
गवताचं वजन बुडाशी जास्त असतं. उंचीने निम्मं खाल्लं तर वजनाने निम्म्याहून कमीच जातं, त्यामुळे मागे राहिलेलं भरपूर दिसतं आणि जीव कासावीस होतो. पण तोच पुढच्या फुटव्याचा कारखाना. शिवाय जमिनीवर सावली राहते आणि पावसाचा थेंब सरळ मातीवर आपटत नाही. याला वाया म्हणायचं असेल तर म्हणा.

तारवाला
तुकडे पाडायला पक्कं कुंपण घालू नका, त्यात पैसे संपतील. बाहेरचं कुंपण आहे तसं राहू द्या. आत झटका मशीन आणि एकच तार. गाईच्या नाकाच्या उंचीवर, साधारण पाऊण मीटर. बांबूचे खुंट, त्यावर प्लास्टिकची नळी किंवा इन्सुलेटर. उचलून दुसरीकडे लावता येते.

यात माणसं फसतात ती अर्थिंगला. मशीन चांगलं, तार चांगली, आणि अर्थिंगला एक गंजकी सळई वाळक्या मुरमात. झटका बसत नाही, गाय एकदा तार ओलांडते आणि मग तिला कायमचं कळतं. निदान तीन सळया, एकमेकींपासून तीनेक मीटरवर, कायम ओल राहील अशा जागी खोल ठोका. तुमच्याकडे पाण्याच्या टाकीपाशी जागा आहेच.

आणि हे ठळक वाचा: तारेला घरातली वीज थेट जोडायची नाही. कधीच नाही. झटका मशीन क्षणभराचा ठोका देतं, साधारण सेकंदाला एक, म्हणून जनावर दचकतं पण मरत नाही. थेट वीज जनावर आणि माणूस दोघांनाही मारते.

आकडेमोड
सगळं छान चाललंय, पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाहीये. सहा एकरांत एवढी गुरं बसतात का?

एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. रानात पाच-सात ठिकाणी ठेवून आतलं गवत कापा, वजन करा, सरासरी काढा. समजा चौरस मीटरला एक किलो हिरवं आलं. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी चार टन हिरवं. त्यात कोरडा भाग पाव धरला तर एक टन. त्यातलं निम्मं मागे ठेवायचं, उरलं ५०० किलो. सहा एकरांचं ३००० किलो.

गाय वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे चारशे किलोची गाय दहा किलो. दोन कालवडींची मिळून एक गाय धरली तर तुमच्या आठ. दिवसाला ८० किलो. ३००० भागिले ८० म्हणजे सदतीस दिवस. वाढीच्या दिवसांत हे जेमतेम जमतं, कारण महिन्याभरात गवत परत येतं. वाढ थांबली की जमत नाही.

तुम्ही कापून बघा आणि आकडा टाका.

उनाड_वासरू
कापून आलो. वरचा भाग धरला तर सरासरी अर्धा किलोही भरत नाही. म्हणजे तुमच्या हिशोबाने अठरा दिवस. :(

गुरं विकायची नाहीत हो. एवढंच सोडून बोला.

आकडेमोड
मी विका म्हटलेलं नाही. अठरा दिवसांचा चारा आणि अठ्ठावीस दिवसांची विश्रांती, मधल्या दहा दिवसांचं पोट कुठून भरायचं एवढं सांगा. बाहेरून वैरण आणा, गुरं कमी करा, की रानच ओरबाडा. आत्तापर्यंत तिसरा पर्याय चाललाय.

वैरणकाकू
आकडेमोड, जरा हळू. :) गुरं विकायचा विषय निघाला की माणूस धागाच सोडून जातो.

वासरूदादा, एक विचारते. सातही गाई दुधात आहेत का? मला तरी दोन-तीन वर्षं गाभण न राहणारी एखादी गाय प्रत्येक दावणीला दिसते. सगळ्यांनाच ती लाडकी असते. तिचा चारा बाकीच्यांच्या तोंडचा आहे, एवढं फक्त बघा. निर्णय तुमचा.

बाहेरून वैरण आणावी लागलीच, तर ती गोठ्यात घालू नका, वरच्या टकलावर घाला. हे मी दरवर्षी करते. वाळकं गवत किंवा कडबा थेट उघड्या जागेवर पसरायचा, रोज पुढच्या जागी. गाई खातात, तिथेच हगतात, मुततात, काही काड्या तुडवून मातीत जातात, काही झाकण म्हणून वर राहतात. पाऊस आला की त्या जागी सगळ्यात आधी हिरवं दिसतं. खाली पसरलेल्या काड्यांत गवताचं बी असतं तेही उगवतं.

मातीचा_वास
काकू म्हणतात त्याचा हिशोब देते. ८ टक्के प्रथिनं असलेल्या एक टन वाळक्या गवतात १२-१३ किलो नत्र असतं. त्यातलं बहुतांश रानात पडतं. एक टन चांगल्या शेणखतात नत्र साधारण ५ किलो. म्हणजे बाहेरून आणलेली वैरण हेच तुमचं विकतचं खत, फक्त गाईच्या पोटातून आलेलं. ते गोठ्यात पडून वाया गेलं तर दुप्पट नुकसान.

गोठ्याचंही सांगते. मुतातलं नत्र अमोनिया होऊन उडतं, नाकाला झोंबतो तो वास म्हणजे तुमचं खत. खाली भुसा, पाचट, वाळका पाला काहीही जाड अंथरा, मूत त्यात जिरू द्या. ढीग उघड्यावर उन्हापावसात ठेवू नका, वर माती किंवा ताडपत्री. कष्टाचं खत सगळ्यात जास्त जातं ते शेण धुऊन नाल्याला सोडल्याने.

रान पेटवू नका हेही लिहून ठेवते, कारण कुणीतरी सुचवेलच. जाळलं की नत्र आणि गंधक हवेत जातं, राखेत स्फुरद आणि पालाश उरतो आणि पहिल्या पावसात तोही उतारावरून वाहतो.

संपादक_३
विशिष्ट जिवाणू-बाटलीची जाहिरात करणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. धागा विषयावर ठेवावा.

खडूस_गुराखी
बरं केलंत. ज्या मातीत कर्ब नाही तिथे बाटलीतले जिवाणू जाऊन खाणार काय? अपवाद एकच, द्विदलाच्या बियाण्याला लावायचं रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू). तेही त्या त्या पिकाचं, आणि उन्हात न ठेवलेलं.

उनाड_वासरू
द्विदलांचंच विचारणार होतो. नवीन बी टाकायचं का नाही? नांगरणी न करता?

मातीचा_वास
टाका, पण सगळ्यात शेवटी. पाणी हललं, तुकडे पडले, विश्रांती सुरू झाली की मग. गुरं मोकळी असलेल्या रानात महागडं बी टाकणं म्हणजे गाईंना सलाड वाढणं.

मुरमाड, हलक्या भागाला स्टायलो हे द्विदल. कोरडं सहन करतं, हलक्या जमिनीत तगतं. खालच्या भारी मातीला दशरथ, तोही द्विदल चाराच. दोन्हींचं बी कठीण कवचाचं असतं, तसंच फेकलं तर बरंचसं उगवतच नाही. ऐंशी अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून काढायचं, मग गार पाण्यात. उकळतं पाणी ओतू नका, गर्भ मरतो.

टाकायची पद्धत: पावसाच्या तोंडावर तो तुकडा नेहमीपेक्षा खालपर्यंत चारून घ्या (एवढ्यापुरती काकांची आठ सेंटिमीटरची अट मोडायची), बी फेका, आणि गुरं एक दिवस त्यावरून फिरवा. खूर बी दाबतात. एक सेंटिमीटरहून खोल गेलं तर बारीक बी वर येत नाही. मग तो तुकडा द्विदलांना फुलं येईपर्यंत बंद.

आणि झटपट, द्विदल असलेल्या तुकड्यात युरिया नको. नत्र आयतं मिळालं की गवत उसळतं आणि द्विदलं झाकून मारतं. द्विदलांना लागतो तो स्फुरद.

वैरणकाकू
सगळ्यात स्वस्त पेरणी: कडक कवचाचं थोडं बी भरड्यात कालवून गाईला खाऊ घाला. बरंच बी पोटातून जिवंत बाहेर येतं, शेणाच्या गोळ्यासकट पेरलं जातं. उगवण विरळ होते, पण कष्ट शून्य. यासाठी बी गरम पाण्यातून काढायचं नाही.

डॉ_खूर
पशुवैद्य आहे, उशिरा आलो. चार गोष्टी.

लसूण घास, बरसीम, क्लोव्हर असं कोवळं द्विदल निम्म्याहून जास्त असलेल्या तुकड्यात उपाशी गाय दवात सोडू नका, पोट फुगून तासाभरात जाऊ शकते. आधी कोरडी वैरण. स्टायलो आणि दशरथने सहसा फुगत नाही. सुबाभळीचा पाला देत असाल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, त्यातलं मिमोसिन बाधतं, केस गळतात. आणि पाण्याअभावी सुकलेल्या किंवा कापून फुटलेल्या कोवळ्या ज्वारीत गुरं घुसू देऊ नका, त्यात सायनाइड तयार होतं. दर वर्षी कुठेतरी ऐकावं लागतं.

आता जंत. जंतांच्या अळ्या गवताच्या खालच्या पाच सेंटिमीटरमधे जास्त असतात. मागे आठ-दहा सेंटिमीटर सोडलंत की गाय त्या कमी खाते. म्हणजे खडूसकाकांच्या विश्रांतीत माझंही काम होतं.

आणि औषधांचं: आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं, आठवडेच्या आठवडे. शेणकिडा शेणाचा गोळा जमिनीखाली पुरतो, भोकं पाडतो, पाणी मुरतं. तुमच्या डब्याच्या चाचणीतल्या मधल्या जागेला त्याचीच गरज आहे. ऑस्ट्रेलियात गाई पहिल्यांदा पोचल्या १७८८ साली. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूच्या लेंड्यांना सरावलेले, गाईचं ओलं शेण त्यांना झेपेना. रानं शेणाने झाकली, माश्या बेसुमार. शेवटी सीएसआयआरओ या तिथल्या संशोधन संस्थेत जॉर्ज बोर्नेमिसा यांनी १९६५ पासून परदेशातले शेणकिडे आणून सोडायचा प्रकल्प चालवला. त्यांना किडे आयात करावे लागले, आणि आपण आपले फुकटचे मारतो.

तेव्हा सगळ्या गुरांना सरसकट डोस नको. शेण तपासून, ज्याला गरज त्याला. वासरांना गरज जास्त असते, थोराड निरोगी गाईला बरेचदा नसते.

उनाड_वासरू
डॉक्टर, शेणाचे गोळे फावड्याने पसरवले तर? त्याभोवतीचं गवत गाई खातच नाहीत.

डॉ_खूर
कडक उन्हाच्या कोरड्या दिवसांत पसरवा, अळ्या वाळून मरतात. पावसाळी ओल्या हवेत पसरवलंत तर अळ्या सगळ्या तुकड्यात नेऊन पोचवल्यासारखं होईल. आणि गोळ्याला भोकं दिसत असतील तर हात लावू नका, कामगार आत आहेत.

झटपट
हे सगळं मान्य, पण यात तीन वर्षं जातील. युरियाला इतकं वाईट म्हणायचं कारण नाही.

खडूस_गुराखी
वाईट म्हटलेलंच नाही. दाट गवत, स्फुरद-पालाश ठीक, द्विदल नाही, आणि पाऊस दारात, अशा तुकड्यात युरिया पैसे वसूल करतो. त्यात ४६ टक्के नत्र आहे. कोरड्या जमिनीवर फेकून पावसाची वाट बघत बसलात तर त्यातलं बरंच हवेत. आणि टकलावर टाकून काय उपयोग, तिथे खायला गवतच नाही.

तीन वर्षांबद्दल, पहिला फरक एका पावसात दिसतो. टाकळ्याला फुलं यायच्या आत कापून तिथेच पाडा, बी धरू देऊ नका. गुरं तिथे बसायची थांबली की त्याचं खाद्यही तुटतं. टकलावर झाडांच्या फांद्या आडव्या, उताराला काटकोनात टाकून ठेवा. त्यांच्या मागे माती अडते, बी अडतं, आणि काटेरी असल्या तर गुरंही तोंड घालत नाहीत.

उनाड_वासरू
तर असं ठरतंय. माती तपासायला दिली आहे. पाइप आणि मशीन दोन्ही बसत नाही, म्हणून आत्ता पाइप, आणि तार शेजाऱ्याच्या जुन्या मशीनवर तात्पुरती, फक्त वरच्या दोन एकरांत. तीन नंबरची गाय खरंच दोन वर्षं गाभण नाही, काकू, घरात बोलणं चालू आहे. अडचण अशी की गुरं वर नेण्याची वाट कुठून काढू? सरळ चढाची वाट जवळची आहे.

वैरणकाकू
सरळ चढाची नको! मघाशी म्हटलं ती घळ तिथेच पडेल. तिरकी काढा, लांब पडली तरी चालेल.

खडूस_गुराखी
वाट तिरकीच. आणि तुकड्याचं फाटक गुरं ज्या बाजूने पाण्याला जातात त्या कोपऱ्यात ठेवा. गाय कोपऱ्यात गोळा होते, तिथे फाटक नसलं तर सगळी दावण मागे वळवून आणावी लागते. तारेत फाटकाला स्प्रिंगचं हँडल लावा, दोरीची गाठ पहिल्या पावसात सुटत नाही.

तारवाला
आणि जुनं मशीन म्हणताय तर आधी टेस्टरने तपासा. तारेच्या शेवटच्या टोकाला तीन हजार व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर तारेला टेकलेलं गवत आधी कापा, मग अर्थिंग बघा. मशीनला दोष शेवटी द्या. कालवडी तारेखालून जात असतील तर गुडघ्याच्या उंचीवर दुसरी तार लागेल, तेवढी पाइपच्या यादीत धरून ठेवा.